कॅटलॉगचा गळा आणि सलूनवाल्यांचा हात

ज्या सकाळी सलूनवाल्यांनी आपल्या सख्ख्या मेहुण्याच्या कानाखाली वस्तऱ्यानं रक्त काढलं, त्या सकाळी दुकानातल्या बाकावर चार गळे आपापली पाळी येण्याची वाट बघत बसले होते.

रक्त म्हणजे काही फार नव्हतं. डास चावला असता तरी याहून जास्त निघालं असतं. पण मेहुण्यानं अशी आरोळी ठोकली की समोरच्या औषधाच्या दुकानदारानं काउंटरवरून कंबरेपर्यंत वाकून पाहिलं.

"मेलो!"

"मेलेला माणूस एवढा ओरडत नाही," असं म्हणत सलूनवाल्यांनी तुरटीचा खडा उचलला. आवाज नेहमीचाच होता, पण खडा काही जागेवर बसेना. कानाखाली टेकायचा तो एकदा मानेला लागला, एकदा कॉलरला. मेहुण्यानं आरशात पाहिलं. बाकावरच्या वर्तमानपत्रांच्या वरच्या कडा एकदम खाली आल्या.

"भाऊजी," मेहुणा म्हणाला, आणि हळू बोलण्याची कला त्याला जन्मात साधली नसल्यामुळे ते सगळ्या दुकानानं ऐकलं, "तुमचा हात थरथरतोय."

सलूनवाल्यांच्या दुकानात याच्याइतकं वाईट वाक्य आजवर कुणी उच्चारलं नव्हतं. केस वाकडे कापलेत, असं म्हणा. साबण डोळ्यांत गेला, म्हणा. मिशी उरलीच नाही, असंसुद्धा म्हणा. मिशी पुन्हा उगवते. पण हात! त्या हातावर सगळं दुकान उभं होतं. वडिलांकडून आलेला लांब पात्याचा वस्तरा, तो परजायचा चामड्याचा पट्टा, दर आठवड्याला तेल पिणारी ती वर-खाली होणारी खुर्ची, हे सगळं त्या हातापुढे पोटभाडेकरू. गावात यंत्रांची दुकानं झाली, दाढीला बटण आलं, तरी माणसं डोळे मिटून इथे मान मागे टाकत ती केवळ त्या उजव्या हाताच्या भरवशावर.

तो हात गेले काही दिवस थरथरत होता, हे एकट्या सलूनवाल्यांना ठाऊक होतं. आता ते बाकाला कळलं होतं, आणि बाकाला कळलेली गोष्ट दुपारपर्यंत नदीपलीकडे पोहोचते.

"खुर्ची हलली," सलूनवाले म्हणाले.

"खुर्ची जमिनीला बोल्टनं बसवलीय, भाऊजी."

"मग तू हललास."

"बरं, मी हललो." मेहुण्यानं टॉवेल गळ्याला दाबून धरला. "म्हणून म्हणतो, मशीन घ्या. माझ्या दुकानात नवं आलंय. कातडीला लागत नाही, पाण्यात चालतं, वर दिवा आहे. आणि मशीनचा हात थरथरत नाही."

हा मेहुणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. घरगुती उपकरणांचं मोठं दुकान चालवायचा. त्याला सगळं गाव कॅटलॉग म्हणायचं. कोणत्याही दुःखावर त्याच्यापाशी एखादं उपकरण असे. झोप येत नाही? उशी. घरात भांडणं होतात? भांडी धुण्याचं यंत्र. मनानं सोन्यासारखा माणूस. फक्त त्या सोन्यालाही तो दोन वर्षांची हमी जोडून देईल, अशी भीती वाटे.

दोघांचा वाद दाढीवरून सुरू झालेला नव्हता. मूळ वाद पिस्तुलाचा.

गावाबाहेरच्या एका जुन्या गोदामात नेमबाजीचा क्लब होता. हवेच्या पिस्तुलातून पुठ्ठ्याच्या कार्डावर छर्रे मारायचे, एवढाच उद्योग. कार्डाच्या मध्ये काळं वर्तुळ, त्यात एकात एक कडी, सगळ्यांत आतलं कडं दहाचं. रविवारी सकाळी गावातली चांगली कमावती माणसं तिथे एका रांगेत उभी राहत, डावा हात खिशात घालत, उजवा लांब करत आणि आठवडाभरात कुणावर काढता न आलेला राग त्या पुठ्ठ्यावर अत्यंत सभ्यपणे काढत.

सलूनवाले तिथले सगळ्यांत जुने. पिस्तूल क्लबाचं. त्याची लाकडी मूठ कधीतरी तडकली होती, ती त्यांनी जखमेला बांधायच्या चिकटपट्टीनं गुंडाळली होती. त्यामुळे ते पिस्तूल नुकतंच इस्पितळातून घरी सोडल्यासारखं दिसे. बाजूचा दांडा ओढला की करकरायचं. त्याच पिस्तुलानं सलूनवाले वर्षानुवर्षं क्लबाची स्पर्धा जिंकत. नव्या आलेल्यांना शिकवायचेही तेच, आणि प्रत्येकाला पहिल्या दिवशी एकच वाक्य ऐकवायचे: "हात हलतो. सगळ्यांचा हलतो. त्याला हलू द्यायचं आणि चाप असा दाबायचा की हाताला पत्ता लागू नये."

कॅटलॉग क्लबात आला तो आधी बूट घेऊन. सपाट तळाचे, घोटे आवळून धरणारे, खास नेमबाजांचे बूट. मग चष्मा आला, त्याच्या एका काचेवर झाकण. मग ते पिस्तूल. त्याची मूठ म्हणे त्याच्या पंज्याचा साचा पाठवून घडवून घेतलेली. चाप विजेवर चालणारा. हवेची वेगळी नळी, तिच्यावर हवेचा दाब दाखवणारं इवलंसं घड्याळ. पेटी उघडली की आत मखमल. एका जुन्या सभासदानं ते पाहून विचारलं होतं, "याला अंगठी घालायची की हार?"

तेव्हापासून भांडण. सलूनवाले म्हणायचे हात मोठा, कॅटलॉग म्हणायचा हत्यार मोठं. गंमत अशी की कॅटलॉग दिवसेंदिवस चांगला मारायला लागला होता. कारण पिस्तूल होतं की दर संध्याकाळी तो तासन्‌तास करत असलेला सराव, यावर क्लबात दोन तट होते. श्रेय पिस्तुलाला द्यावं असं म्हणणाऱ्यांत कॅटलॉग स्वतः सगळ्यांत पुढे होता.

तर त्या सकाळी तुरटी हातात धरून सलूनवाल्यांनी आरशातून बाकाकडे पाहिलं. चारांतला एक गळा उठला होता. "मी... जरा बँकेत जाऊन येतो," असं पुटपुटत तो गेला. बँकेला त्या दिवशी सुट्टी होती.

सलूनवाल्यांचं डोकं फिरलं.

"ऐका सगळे," ते म्हणाले. "येत्या रविवारी क्लबाची स्पर्धा. हा त्याच्या मखमलीसकट, मी चिकटपट्टीसकट. हा जिंकला, तर हा वस्तरा मी कायमचा बंद करून ठेवीन आणि याच्याच दुकानातून मशीन घेईन. मी जिंकलो, तर सोमवारी भर गर्दीत हा या खुर्चीत बसेल, मान मागे टाकेल आणि माझ्या हातून वस्तऱ्यानं दाढी करून घेईल. कबूल?"

कॅटलॉगनं गळ्यावरचा टॉवेल आणखी घट्ट दाबला. "कबूल," तो म्हणाला. पण जिंकण्याची खात्री असलेल्या माणसाचा आवाज असा निघत नाही.

तो आठवडा फार वाईट गेला. गिऱ्हाइकं येत होती, पण खुर्चीत बसता बसता घाईनं म्हणत, "आज नुसते केस." एकानं तर दाढी राखण्याचा निर्णय जाहीर केला. त्याच्या गालावर उभ्या आयुष्यात विरळ गवताखेरीज काही उगवलं नव्हतं. वस्तरा खणात पडून राहिला. सलूनवाले रिकाम्या वेळी तो काढत, पट्ट्यावर परजत आणि उजेडात धरून बघत. पात्यावर खिडकीचा चौकोन पडे. तो चौकोन स्थिर राहत नसे. जितकं बघावं तितका जास्त नाचे.

घरी त्यांनी काही सांगितलं नव्हतं. बायको टपालखात्यात, पाकिटावरची अक्षरं पाहून माणसाचा स्वभाव सांगणारी बाई. तिच्यापासून लपवायचं म्हणजे मांजरापासून दूध. तिनं विचारलं काहीच नाही. फक्त मंगळवारपासून त्यांच्या चहाच्या कपाखालची बशी नाहीशी झाली. आधी कप उचलताना बशीवर किणकिण व्हायची, ती आता होईना. सलूनवाल्यांनी कपाकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं. ती भाजी चिरत होती, नको इतकी मन लावून.

"बशी कुठे गेली?"

"फुटली."

"सगळ्या?"

"हो, एकदमच," ती म्हणाली.

शुक्रवारी ते सरावाला गेले, तेव्हा गोदामात कॅटलॉग एकटाच होता. भाऊजींना पाहून तो उगाच पिस्तूल पुसायला लागला. मग एकदम म्हणाला, "भाऊजी, एक सांगू? रागावू नका. हे घ्या. बघा धरून. वजन पुढे आहे याचं, हात आपोआप शांत होतो. तुम्हाला हवं तर रविवारी यानंच मारा. मी क्लबाचं घेतो."

"म्हणजे मी जिंकलो तर लोक म्हणतील पिस्तूल जिंकलं."

"म्हणू देत की. वस्तरा तर राहील." आणि उत्तराची वाट न बघता हवेची नळी भरायचं निमित्त काढून तो आतल्या खोलीत गेला.

सलूनवाले त्या पेटीपुढे उभे राहिले. आयुष्यभर त्यांनी या वस्तूची टर उडवली होती. त्यांनी दाराकडे पाहिलं आणि पिस्तूल उचललं. मूठ कॅटलॉगच्या पंज्याची. त्यांच्या तळव्याला ती कुण्या दुसऱ्याच्या चपलेसारखी लागली. हात लांब केला. पिस्तुलाच्या नळीच्या टोकाशी नेम धरायचा तो लहानसा खुंट, आणि मागे त्याच्यासाठी कापलेली खाच. त्या खाचेत खुंट मधोमध दिसला की नेम बसला. चिकटपट्टीवाल्या पिस्तुलाचा खुंट झिजून गोल झाला होता, सगळं थोडं धुरकट दिसायचं. इथे मात्र खुंट चाकूनं कापल्यासारखा काळा, रेखीव. आणि तो रेखीव खुंट खाचेत डावी-उजवीकडे, वर-खाली, पिंजऱ्यातल्या उंदरासारखा धावत होता.

इतकं महागडं पिस्तूल, आणि त्यानं काय केलं? थरथर आणखी स्पष्ट दाखवली.

त्यांनी न मारताच ते मखमलीत ठेवलं. कॅटलॉग बाहेर आला. "कसं वाटलं?"

"जड आहे," सलूनवाले म्हणाले आणि सराव न करताच घरी गेले.

रविवारी सकाळी बायको कपडे करून दारात उभी. इतक्या वर्षांत ती क्लबात एकदाही आली नव्हती. पुठ्ठ्याला भोकं पाडायला रविवार कशाला लागतो, हे तिचं मत.

"तू कुठे?"

"येतेय."

"अगं, नको. कुणी बघायला असलं की..."

"की तुमचा हात हलतो. माहितीये मला." ती चपला घालत म्हणाली. "लग्नाच्या दिवशी सही करताना एवढा हलला होता की ती सही अजून कुणाला लागलेली नाही. लग्न नोंदवणाऱ्या साहेबांनी दोनदा विचारलं होतं, नवरा शिकलेला आहे ना? झाला की नाही संसार?"

"तेव्हाची गोष्ट वेगळी. आता वय झालंय. खरंच हलतो गं." हे त्यांनी पहिल्यांदाच कुणाला तरी सांगितलं.

"मी कुठे म्हणतेय खोटं हलतो? डॉक्टरकडे उद्या जाऊ. पण त्या हाताकडे तुम्ही दिवसभर चोर पकडल्यासारखं बघत बसता, त्यानं तो आणखी घाबरतो." मग जरा थांबून, "तुमच्याकडे मी बघणारच नाही. मी माझ्या भावाकडे बघीन. झालं?"

गोदामात बाक भरले होते. स्पर्धेला एरवी आठ-दहा टाळकी येत. आज निम्मा बाजार हजर. पुठ्ठ्याला किती भोकं पडतात याच्याशी त्यांना देणंघेणं नव्हतं. एका वस्तऱ्याचा निकाल ऐकायला आले होते.

पंच म्हणून बाई होत्या. बाई म्हणजे निवृत्त मुख्याध्यापिका. इथल्या अर्ध्या सभासदांना त्यांनी कधी ना कधी वर्गाबाहेर उभं केलं होतं, त्यामुळे त्यांच्या शिट्टीला कुणी वर मान करून उत्तर देत नसे. "पिस्तुलाचं तोंड समोर, आपलं तोंड बंद," ही त्यांची संपूर्ण नियमावली.

सलूनवाले आणि कॅटलॉग शेजारी शेजारी उभे राहिले. समोर भिंतीशी प्रत्येकाच्या नावचं कार्ड, दोरीला लावलेलं. हातानं चाक फिरवलं की कार्ड कुरकुरत जवळ येई.

सुरुवातीला सलूनवाल्यांचं बरं चाललं. चिकटपट्टी ओळखीची होती, धुरकट खुंट ओळखीचा होता. नऊ, दहा, नऊ. मध्ये एकदा आठ पडला आणि बाकावर कुणीतरी खोकलं. त्या खोकल्यानं हात जागा झाला. पुढचाही आठच. शेजारी कॅटलॉग बुटांच्या नाड्या आवळत होता, चष्म्याचं झाकण खाली-वर करत होता, हवेच्या नळीवरचं घड्याळ बघत होता. त्या सगळ्या सामानाची आन्हिकं आटोपली की मग तो मारायचा. आणि चांगलं मारायचा. सलूनवाले पुढे, मग कॅटलॉग पुढे, मग पुन्हा सलूनवाले. बाईंनी शेवटच्या फेरीआधी बेरीज केली, चष्मा काढला, पुसला, पुन्हा केली.

"दोघे बरोबरीत. क्लबाच्या पद्धतीप्रमाणे शेवटचा एक छर्रा कोऱ्या कार्डावर. बाकीच्यांनी पिस्तुलं खाली ठेवा."

कोरी कार्डं कुरकुरत भिंतीकडे गेली. गोदामात असा सन्नाटा पसरला की वरच्या नळीदिव्याची गुणगुण ऐकू यायला लागली. बाईंनी शिट्टी वाजवली.

सलूनवाल्यांनी हात उचलला. खुंट थयथयाट करत होता. त्यांनी चाप दाबला नाही. हात खाली घेतला. न मारता हात खाली घेणं, ही या खेळातली सगळ्यांत अवघड गोष्ट. नव्यांना ते हेच महिनोन्‌महिने शिकवत. पुन्हा उचलला. आता तर खुंट खाचेच्या बाहेर जाऊन परत येत होता. पुन्हा खाली. बाकावर कुजबुज. बाई घड्याळाकडे बघत होत्या.

सलूनवाल्यांनी डोळे मिटले. एका पायावरचा भार दुसऱ्या पायावर टाकला, श्वास घेतला, अर्धा सोडला. मिटल्या डोळ्यांपुढे वस्तरा दिसला, खणात पडलेला. मग, कसं कोण जाणे, स्वतःचाच आवाज ऐकू आला. दरवेळच्या त्या रटाळ, शिकवणीच्या सुरातला: हात हलतो, सगळ्यांचा हलतो. इतक्या लोकांना हे सांगितलं, आणि स्वतःला सांगायचं राहून गेलं होतं.

त्यांनी हात उचलला, डोळे उघडले. काळं वर्तुळ समोर होतं. खुंट त्याच्याखाली हलत होता. हल बाबा, त्यांनी मनात म्हटलं. हल तुला हवं तितकं. आणि बोट हळूहळू मागे येत राहिलं, हाताला पत्ता न लागता.

फट्‌.

त्याच क्षणी शेजारीही फट्‌ झालं. दोन आवाज एकात एक मिसळले.

सलूनवाल्यांना कळलं होतं. छर्रा सुटताना खुंट कुठे होता, हे नेमबाजाला कार्ड बघायच्या आधी कळतं. दहा. ते इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसले आणि चाक फिरवायला लागले. कार्ड कुरकुरत आलं.

कार्ड कोरं होतं.

काळ्यात भोक नव्हतं, पांढऱ्यात नव्हतं, कोपऱ्यात नव्हतं. त्यांनी ते उलटून पाहिलं, जणू छर्रा मागून आला असावा. बाकावर कुणीतरी श्वास ओढल्यासारखा आवाज केला. "अख्खं कार्डच चुकलं की हो!" जो गळा बँकेत गेला होता, त्याचाच हा आवाज.

म्हणजे कळलेलं सुद्धा खोटं? म्हणजे हात गेला तो गेलाच, वर अंदाजही गेला? त्यांनी उजव्या हाताकडे पाहिलं. तो आता सरळ सरळ, सगळ्यांदेखत थरथरत होता.

मग कॅटलॉगचं कार्ड आलं.

त्याच्यावर दोन भोकं होती. एक सातच्या कड्यात, कडेला. दुसरं थेट दहाच्या मधोमध, कंपासचं टोक टेकवून पाडल्यासारखं.

बाई आल्या. भिंग काढलं. एकदा या कार्डावर, एकदा त्या कार्डावर नजर फिरवली आणि सलूनवाल्यांच्या पायांकडे पाहिलं. डावं पाऊल जमिनीवरच्या रेघेपासून चांगलंच वळलेलं होतं. डोळे मिटून भार बदलताना ते कधी वळलं, त्यांना कळलंच नव्हतं. आणि डोळे उघडल्यावर समोर जे काळं वर्तुळ दिसलं, ते आपलं धरून मोकळे. सगळी वर्तुळं सारखीच असतात.

"शेजाऱ्याच्या कार्डावर मारलंत," बाई म्हणाल्या. "पहिलीतली मुलं दुसऱ्याच्या वहीत लिहितात, तसं. ज्यानं मारला त्याला त्या छर्ऱ्याचं शून्य. आता राहिला प्रश्न या दोन भोकांचा. कोणतं कुणाचं हे सांगता येत नसेल, तर ज्याचं कार्ड त्याला मोठा आकडा. म्हणजे दहा."

बाकावर गलका झाला. "पिस्तूल पावलं! शेवटी पिस्तूलच पावलं!" कुणीतरी कॅटलॉगच्या पाठीवर थाप मारली. त्याच्या तोंडातून एक तरी वैशिष्ट्य, एक तरी हमी निघेल म्हणून लोक थांबले. कॅटलॉग मुकाट्यानं चष्म्याचं झाकण खाली-वर करत राहिला.

मग त्यानं मागे पाहिलं. बाकावर त्याची ताई बसली होती. तिनं सकाळी म्हटल्याप्रमाणे नवऱ्याकडे एकदाही पाहिलं नव्हतं. ती पूर्ण वेळ भावाकडे बघत होती. म्हणजे चाप ओढल्यावर त्याचा चेहरा लिंबू चावल्यासारखा कसा झाला होता, तेही तिनं पाहिलं होतं. लहानपणी वाटीतला खाऊ संपवून तो "मला मिळालंच नाही" म्हणायचा, तेव्हा बघायची, तशी ती बघत राहिली.

"बाई," कॅटलॉग म्हणाला. आणि आयुष्यात पहिल्यांदाच त्याचा आवाज हळू निघाला. "सात माझा."

"खात्री?"

"सुटतानाच कळलं होतं. माझं लक्ष उडालं होतं. पिस्तूल दहाचं आहे, बाई. सात मी मारला."

बाईंनी चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं. वर्गाबाहेर उभं केलेल्या मुलाला आत बोलावताना बघतात, तसं. "मग मधला दहा सलूनवाल्यांचा. त्याचं शून्य. तुमचे सात. तुम्ही जिंकलात."

टाळ्या वाजल्या, पण त्या कुणासाठी, हे वाजवणाऱ्यांनाही नीट ठरवता आलं नाही.

सोमवारी सलूनवाल्यांनी दुकान उघडलं, खुर्ची पुसली आणि वस्तरा पट्ट्यात गुंडाळून खणाच्या तळाशी ठेवला. शब्द म्हणजे शब्द. बायको सकाळी म्हणाली होती, डॉक्टरांची वेळ संध्याकाळची घेतलीय. त्यावर ते फक्त "हं" म्हणाले होते. बाकावर माणसं दाटली होती. केस कापायचं कुणाच्याही डोक्यात नव्हतं. काहींचे तर परवाच कापून झाले होते.

कॅटलॉग आला. काखेत मशीनचं खोकं. ते त्यानं आरशापुढे ठेवलं आणि थेट खुर्चीत बसला.

"दाढी."

सलूनवाल्यांनी खोक्याकडे हात नेला. "दिवा कुठून लागतो याचा?"

"मशीननं नाही. वस्तऱ्यानं."

"मी हरलोय. सगळ्यांसमोर."

"पैज माझ्याशी होती ना, भाऊजी? मग ती सोडायची की वसूल करायची, ते माझं मी बघीन." कॅटलॉगनं आरशात त्यांच्याकडे पाहिलं. "काल तुमचा हात शेजारून बघत होतो मी. पालीची तुटलेली शेपटी हलते तसा हलत होता. त्या बघण्याच्या नादातच तर माझा सात पडला. आणि तुम्ही तसल्या हातानं, तसल्या पिस्तुलानं दहा मारला."

"दुसऱ्याच्या कार्डावर."

"ते डोक्याचं दुखणं. त्यावर माझ्याकडे अजून उपकरण आलेलं नाही." त्यानं मान मागे टाकली. "करा लवकर. मला धीर आहे तोवर करा."

दुकानात कुणी हलेना. सलूनवाल्यांनी खण उघडला. पट्टा भिंतीच्या खिळ्याला अडकवला, वस्तरा परजला. ब्रशनं फेस केला, गालांवर लावला, गळ्यावर लावला. मग वस्तरा उचलला आणि तो हवेत हलला. आरशात सगळ्यांना दिसला. वर्तमानपत्र कुणाच्याही हातात नव्हतं.

कॅटलॉगनं डोळे गच्च मिटले. त्याच्या दोन्ही मुठी खुर्चीच्या हातांवर पांढऱ्या पडल्या होत्या, आणि खरं सांगायचं तर त्याही थरथरत होत्या.

सलूनवाल्यांनी वस्तऱ्याकडे बघणं सोडून दिलं. ते गालाकडे बघायला लागले. करंगळी मेहुण्याच्या जबड्यावर टेकवली, हलकेच, आणि पातं फेसाच्या कडेला आणलं.

"भाऊजी," ओठ न हलवता कॅटलॉग म्हणाला, "हात हलतोय का हो?"

"हलतोय."

कॅटलॉगचा कंठमणी वर गेला आणि खाली आला. "मग?"

"हलू दे त्याला," सलूनवाले म्हणाले. "तू हलू नकोस."